मागे राहिलेल्यांच्या बाजूने



२०२५ च्या सप्टेंबरातली ती गंमत तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाने जाहीर केलं की २३ किंवा २४ तारखेला येशू येणार आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना सदेह वर घेऊन जाणार. टिकटॉकवर लोकांनी निरोपाचे व्हिडिओ टाकले. गाडी विकून टाकली, नोकरी सोडली, असं सांगणारेही निघाले. आपल्या मराठी ग्रुपवर दोन दिवस विनोदांचा पाऊस होता. "मंगळवारी जाणार असाल तर सोमवारी भिशीचे पैसे चुकते करा," वगैरे. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मग २४ तारखेला सकाळी माझ्या मुलीचा सिएटलहून मेसेज आला. "आई, आहेस ना?" पुढे एक हसरा चेहरा.

मुलगी बत्तीस वर्षांची आहे, चांगली शिकलेली आहे, चर्चमध्ये पाऊल टाकून तिला दहा-बारा वर्षं झाली आहेत. ती चेष्टाच करत होती. पण हा प्रश्न तिने पहिल्यांदा कधी विचारला होता ते मला माहीत आहे, आणि म्हणून त्या हसऱ्या चेहऱ्यावर माझा विश्वास बसला नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे, आणि तो ज्या पुस्तकांनी तिच्या डोक्यात घातला त्यांच्याबद्दल.

आधी माझी जात सांगते. (आपल्याकडे तसंही कुणीतरी विचारतंच!) मी नगरची. आता त्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण जिभेवर नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनच्या वाटेने ख्रिस्ती झालेल्या घरातली चौथी पिढी. पणजोबा नेवासे तालुक्यातले, गावकुसाबाहेरचे. मी श्रद्धाळू आहे, आणि या पत्रिकेच्या वाचकांत तशी मी अल्पसंख्य आहे हे मला ठाऊक आहे. इथे 'धर्म' म्हटलं की काही मित्रांच्या कपाळावर आठी येते. ती आठी थोडा वेळ बाजूला ठेवून वाचा एवढीच विनंती.

आम्ही १९९६ साली शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरात आलो. त्याच्या आदल्याच वर्षी 'लेफ्ट बिहाइंड' ही कादंबरी बाजारात आली होती. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स या दोघांची. गंमत म्हणजे तिचा नायक आमच्याच भागातला, माउंट प्रॉस्पेक्टचा. रेफर्ड स्टील नावाचा वैमानिक. लंडनला निघालेलं जम्बो जेट तो उडवतो आहे, मनात विमानातल्या हवाईसुंदरीचा विचार चालू आहे, आणि अटलांटिकवर अचानक डझनावारी प्रवासी नाहीसे होतात. खुर्च्यांवर फक्त त्यांचे कपडे, चष्मे, दागिने. ओहेअरला परत येऊन बघतो तर जगभर हेच झालेलं. त्याची धार्मिक बायको आणि धाकटा मुलगा गेलेले, तो आणि कॉलेजातली मुलगी मागे राहिलेले. आता सात वर्षं हाहाकार, ख्रिस्तविरोधकाचं राज्य, आणि शेवटी येशूचं आगमन. ही कथा २००४ पर्यंत बारा खंडांत चालली. पुढे आधीच्या आणि नंतरच्या कथा धरून सोळा खंड झाले. साऱ्या मिळून सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर तर लोक त्यावर तुटून पडले. त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कादंबरी याच मालिकेतली होती. पुस्तकं छापणारी 'टिंडेल हाउस' ही संस्थासुद्धा आमच्याच बाजूची, कॅरल स्ट्रीमची. म्हणजे जगबुडी आमच्या पिनकोडाच्या आसपासच तयार होत होती म्हणा ना.

मुलांसाठी वेगळी मालिका होती. चाळीस छोटी पुस्तकं. आम्ही ज्या चर्चमध्ये जायचो तिथल्या मुलांच्या कपाटात ती अख्खी रांगेने लावलेली होती. मुलगी वाचनवेडी. मला काय, पोरगी टीव्ही सोडून पुस्तक वाचते आहे, तेही चर्चमधलं! मी एकही उघडून पाहिलं नाही. पुढचं सगळं लिहिताना हा माझा गुन्हा मी विसरलेले नाही.

२००४ च्या हिवाळ्यात माझी आई नगरहून आली होती. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. शाळेची बस साडेतीनला यायची आणि आजी दारात उभी असायची. एके दिवशी दार नुसतं लोटलेलं. आत टेबलावर अर्धा कप चहा, अजून वाफ येत असलेला. खुर्चीवर आजीची शाल. शालीवर आजीचा चष्मा. आजी नाही.

मी सहाला घरी आले तेव्हा पोरगी जिन्यात बसली होती, शेजारी आजी. आजी खरं तर शेजारच्या गुजराती बांकडे गेली होती. त्यांच्या सुनेला चक्कर आली म्हणून त्या हाक मारायला आल्या, तशी ही शाल-चष्मा टाकून धावली. वीस मिनिटांत परत आली. त्या वीस मिनिटांत पोरीने माझ्या ऑफिसात फोन केला (मी मीटिंगमध्ये), तिच्या बाबांना केला (ते गाडीत), आणि मग तिची खात्री पटली की सगळे गेले. आजी गेली, आई गेली, बाबा गेले, आणि ती मागे राहिली, कारण तिने केलेली प्रार्थना देवाला खरी वाटली नव्हती.

"आई, तू आहेस ना?" हे तिने तेव्हा विचारलं. मी समोर उभी असताना.

त्या रात्री कळलं की ती गेले कित्येक महिने झोपण्यापूर्वी तीच एक प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत होती. येशूला हृदयात बोलावण्याची. आधीच्या वेळी नीट मन लावून म्हटली गेली नसेल तर? कधी चारदा, कधी दहादा. माझ्या घरात, भिंतीपलीकडे, हे चाललं होतं.

आता जे म्हणतील, "एका हळव्या पोरीचं उदाहरण घेऊन काय बोलता, शेवटी कादंबरीच आहे," त्यांच्यासाठी थोडं पुस्तकाच्या यंत्रात शिरते. त्या घटनेनंतर मी मोठ्यांचे बाराही खंड वाचले. रागाने वाचले, पण वाचले. वाचवतात हे कबूल केलं पाहिजे. भाषा सपाट, स्त्रिया कागदी, पण पान उलटतं.

थरारकथा कशावर चालते? पुढे काय होणार हे ठाऊक नसण्यावर. इथे तर लेखक पहिल्यापासून सांगतात की शेवट पवित्र शास्त्रात छापलेलाच आहे. कोण जिंकणार, किती वर्षांनी जिंकणार, मधे कोणती संकटं कोणत्या क्रमाने येणार, सगळं ठरलेलं. पात्रं स्वतः तक्ते मांडून बसतात. मग उत्कंठा उरते कुठे? ती कथेतून काढून वाचकाच्या छातीत बसवली आहे. पुढे काय होणार हा प्रश्नच नाही. मी कुठल्या बाजूला असेन, हा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर पुस्तक कधीच देत नाही, कारण दिलं तर पुढचा खंड कोण विकत घेईल?

याचा सगळ्यात क्रूर नमुना म्हणजे ब्रूस बार्न्स. हा चर्चचा साहाय्यक पाळक. आजाऱ्यांना भेटायचा, वर्ग घ्यायचा, शास्त्र शिकवायचा. त्याची बायको-मुलं जातात आणि तो मागे राहतो. का? तर त्याचा विश्वास आतून खरा नव्हता. पाळक जर मागे राहू शकतो, तर अकरा वर्षांच्या पोरीने कशावर भरवसा ठेवायचा? माझ्या मुलीने पुस्तकाचा चुकीचा अर्थ लावला असं चर्चमधले म्हणाले. मला वाटतं, तिने तो अगदी बरोबर लावला होता.

श्रद्धेला आमच्या मराठी ख्रिस्ती बोलीत 'भाव' म्हणतात, 'विश्वास' म्हणतात. माझी आई विश्वास म्हणायची तेव्हा त्यात टेकून बसण्याची भावना होती. भिंतीला पाठ लावावी तशी. ही पुस्तकं वाचणाऱ्याला दर दहा मिनिटांनी उठून भिंत तपासायला लावतात. काही वर्षं असं केलं की माणूस एकतर भिंतीलाच डोकं आपटत राहतो, नाहीतर घर सोडून जातो. माझी मुलगी घर सोडून गेली. ती नास्तिक झाली याचं मला दुःख नाही, तुमच्यातल्या अर्ध्या लोकांशी माझी त्याच पंथाची मैत्री आहे. पण तुम्ही विचार करून बाहेर पडलात. ती पळाली.

"पण ही पुस्तकं वाचून हजारो लोक देवाकडे आले." हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याची दारू या मालिकेचा तिसरा खंड वाचताना सुटली. खरोखर सुटली, आजतागायत. मी त्याच्यासाठी आनंदी आहे. पण त्याच माणसाचा भाऊ कॅथलिक मुलीशी लग्न करून कॅथलिक झाला, तेव्हा हा दोन वर्षं त्याच्याकडे थँक्सगिव्हिंगला गेला नाही. कादंबरीत एका पोपला वर जाता येतं, पण का, तर तो मार्टिन ल्यूथरसारखं काही शिकवू लागला होता म्हणून! त्याच्या जागी आलेला पुढारी मग जगातले सगळे धर्म एकत्र करून ख्रिस्तविरोधकाच्या दावणीला बांधतो. हे वाचून उठलेला माणूस भावाच्या घरच्या टर्कीकडे संशयाने बघणारच की.

सगळेच वाचक असे होतात असं मी म्हणत नाही. एमी फ्रिकोम या अभ्यासक बाईंनी या पुस्तकांच्या वाचकांशी बोलून २००४ साली 'रॅप्चर कल्चर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात वाचणाऱ्यांच्या नाना तऱ्हा दिसतात. कुणी बहिणीने दिलं म्हणून वाचतो, कुणी नुसत्या वेगासाठी, कुणी वाचता वाचता वाद घालतो. मोठी माणसं वाद घालू शकतात. अकरा वर्षांचं मूल कुणाशी घालणार?

मी वाद घालायला गेले. मुलांच्या वर्गाच्या प्रमुखाकडे. भला माणूस होता, माझं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "शेवटी गोष्टच आहे ती, एवढं मनावर घेऊ नका." त्याच महिन्यात व्यासपीठावरून उपदेश झाला की ही पुस्तकं म्हणजे नुसती गोष्ट समजू नका, उद्याच्या वर्तमानपत्राचा मथळा आहे. टीका केली की गोष्ट, उपदेशाला उभं राहिलं की भविष्यवाणी! ही दुहेरी सोय मला आजही सहन होत नाही. कादंबरी असेल तर तिला कादंबरीसारखी झोडपू द्या. सिद्धांत असेल तर तो दाखवा कुठे आहे शास्त्रात.

आणि तो फारसा कुठे नाहीच. रॅप्चर हा शब्द लॅटिन भाषांतरातून आला. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, मेलेल्या आप्तांसाठी रडणाऱ्या लोकांना धीर देताना एक वाक्य आहे, ढगांत प्रभूला भेटायला घेतले जाऊ असं. त्या सांत्वनाच्या वाक्यावर विमान कोसळवण्याचा कारखाना उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात. जॉन नेल्सन डार्बी नावाच्या धर्मोपदेशकाने १८३० च्या दशकात ही कल्पना मांडली की आधी गुपचूप उचललं जाणं, मग सात वर्षं संकट, मग उघड आगमन. १९०९ साली स्कोफील्डच्या बायबलच्या तळटीपांमधून ती अमेरिकाभर पसरली. १९७० साली हॅल लिंडसेच्या पुस्तकाने तिला शीतयुद्ध जोडलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, कुणीही हे शिकवत नाही. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झालेल्या आमच्या नगरच्या मंडळीत वाढताना मी हा शब्द ऐकलासुद्धा नव्हता. तारखांचं तर विचारूच नका. १८४४, १९८८, २०११, आणि आता २०२५. ज्या मत्तयाच्या शुभवर्तमानात तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही असं स्पष्ट लिहिलंय, तेच हातात धरून तारखा काढतात.

प्रकटीकरणाचं पुस्तक तर मला यांच्या हातात पाहवत नाही. पात्म बेटावरच्या योहानाने ते लिहिलं ते रोमच्या टाचेखाली असलेल्या मूठभर गरीब मंडळ्यांसाठी. साम्राज्य कायम टिकणारं नाही, तुमचे अश्रू कुणीतरी मोजतंय, हे सांगण्यासाठी. ते पुस्तक आज जगातल्या सर्वांत बलाढ्य देशातले लोक, दोन गाड्यांच्या गराजवाल्या घरात बसून, आपण कसे छळले जाणार आहोत या कल्पनेने रोमांचित होत वाचतात. आणि त्यातला खलनायक कोण? संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस. त्याचा गुन्हा काय? तो शस्त्रं कमी करा म्हणतो, शांततेचा करार करतो. म्हणजे जो शांतता म्हणेल त्याच्याकडे संशयाने बघायचं. लाहे हे नुसते कादंबरीकार नव्हते, अमेरिकेतल्या धार्मिक उजव्या राजकारणाच्या उभारणीत ते पहिल्यापासून होते. बाराव्या खंडात येशू येतो आणि त्याच्या शब्दासरशी शत्रूसैन्याच्या चिंधड्या उडतात. निकोलस क्रिस्टॉफ यांनी २००४ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये विचारलं होतं, की हेच एखाद्या मुसलमान लेखकाने आपल्या धर्माच्या नावाने लिहिलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? २००३ च्या इराक युद्धाच्या पुढच्याच वर्षी विचारलेला प्रश्न होता तो, आणि या कादंबऱ्यांत खलनायकाची राजधानी इराकमध्ये आहे.

या साऱ्यावर सर्वांत नेमकी टीका मात्र माझ्या आईने केली. जिन्यातल्या त्या संध्याकाळनंतर तिने नातीला सांगितलं, मला ही गोष्ट सांग बघू सगळी. नात इंग्रजीमिश्रित मराठीत सांगत होती, आजी भाकरी थापत होती. वैमानिक नाहीसे झाल्यामुळे विमानं पडतात, चालक नाहीसे झाल्यामुळे रस्त्यावर गाड्या एकमेकांवर आदळतात, इथपर्यंत गोष्ट आली तशी आजीचा हात थांबला.

"म्हंजे येशू डायवरला उचलतो न् गाडीतल्या लोकांला मरू देतो? असं कसं गं करील तो?"

नातीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे नव्हतं. लाहे-जेन्किन्सकडे बारा खंडांत नाही.

मग नातीने विचारलं, शेजारच्या बा वर जाणार का? आजी म्हणाली, त्यांच्या सुनेला बरं नाहीये, आत्ता त्या कुठंच जाणार नाहीत. आणि ताटात भाकरी वाढली.

आपल्या अनेक मित्रांचं याबाबतीतलं हसू मला इथे खटकतं. तुम्हाला वाटतं हा गोऱ्या ख्रिस्ती लोकांचा घरगुती वेडेपणा आहे. फ्रँक पेरेटीची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही १९८६ ची कादंबरी चाळा. याच जातीच्या थरारकथांचा मूळपुरुष म्हणा. एका छोट्या गावावर दुष्टात्म्यांची टोळी ताबा मिळवू पाहते, आणि ती माणसांत शिरते कुठून? ध्यानधारणेतून, पौर्वात्य गूढवादातून, कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या वर्गातून. प्रत्येक पानावर पंख, नखं, गंधकाचा वास. तुम्ही विपश्यनेला जाऊन आलात हे ऐकून तुमच्या सोसायटीतली जी बाई थोडी मागे सरकते ना, तिने ते कुठेतरी वाचलेलं असतं. तिला कुणी द्वेष शिकवला नाही. एक सुसाट गोष्ट वाचायला दिली.

श्रद्धा आणि थरार एकत्र येऊच नयेत असं मला म्हणायचं नाही. ग्रॅहम ग्रीनची १९४० ची 'द पॉवर अँड द ग्लोरी' घ्या. मेक्सिकोत धर्मगुरूंवर बंदी, एक दारुडा पाद्री पोलिसांपासून लपतछपत फिरतोय. सापडेल की नाही, ही उत्कंठा शेवटपर्यंत. तो सीमेपार पोचतो, सुटतो. मग निरोप येतो की एक गुन्हेगार मरणाला टेकलाय आणि त्याला पाद्री हवाय. हा सापळा आहे हे त्याला कळतं. तो खेचरावर बसून परत जातो, आणि पकडला जातो. एकीकडे हा सुरक्षित जागेतून परत फिरणारा दारुडा, आणि दुसरीकडे हवेत नाहीशा होणाऱ्या सज्जनांची यादी. मी दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी वाचली. पहिलं वाचून मी अनेक महिन्यांनी नीट प्रार्थना केली.

आपल्या घरातलं उदाहरण आणखी जवळचं आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची, ख्रिस्ती कादंबरीच आहे. प्रचारकी आहे, पात्रं भाषणं देतात, शेवटी यमुना बाप्तिस्मा घेते. आजच्या पुरोगामी नजरेने त्यातलं बरंच खुपेल, मलाही खुपतं. पण त्या पुस्तकाचा जीव विधवांच्या हालात आहे. ते वाचून वाचकाने स्वतःला विचारायचं ते असं, की या बायकांशी आपण हे काय करतो आहोत? वाचकाची मान दुसऱ्याकडे वळते. दीडशे वर्षांनी आलेली ही अमेरिकन मालिका तीच मान पकडून वाचकाच्या स्वतःच्या तिकिटाकडे वळवते.

ना. वा. टिळक म्हणत की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या घरी टिळकांची गीतं आणि तुकोबांचे अभंग यांत माझ्या आईने कधी भिंत घातली नाही. आणि सदेह वर जाण्याचंच म्हणाल तर ती कथा मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. देहूची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. (त्यामागे खून होता असं मानणारे आपल्यातच बरेच आहेत, तो वाद इथे नको.) पण त्या कथेतला तुकाराम निघताना सगळ्यांना चला म्हणतो, बायकोला आग्रह करतो. प्रभातच्या १९३६ च्या सिनेमात आवली संसार सोडून यायला तयार होत नाही, आणि तो प्रसंग बघताना आपला अर्धा जीव तिच्यापाशी राहतो. मागे राहिलेल्या आवलीला कुणी पापी ठरवलं नाही.

'मागे राहिलेले' हा शब्द माझ्यासाठी कादंबरीचं नाव नाही. माझ्या पणजोबांची अख्खी वस्ती मागे राहिलेली होती. गावाच्या मागे, विहिरीच्या मागे, देवळाच्या मागे. दुष्काळाच्या सालांत मिशनचे लोक तिथे आले, धान्य घेऊन आले, शाळा घेऊन आले. त्यांचे हेतू शुद्ध होते का, त्यात साम्राज्य किती आणि सेवा किती, यावर आपण खूप वाद घातलेत आणि अजून घालू. पण जी बातमी त्या वस्तीला पटली ती अशी होती की देव वेशीबाहेर येऊन बसला आहे. मागे राहिलेल्यांपाशी. तोच देव चार पिढ्यांनंतर माझ्या मुलीला अशा रूपात भेटला की तो आपली माणसं उचलून निघून जातो आणि उरलेल्यांवर संकटं सोडतो. मला याचा राग येतो तो तत्त्वज्ञान म्हणून नाही. माझ्या पणजोबांची एकमेव मिळकत कुणीतरी माझ्याच घरातून, माझ्याच परवानगीने, पळवून नेली म्हणून येतो.

मत्तयाच्या त्याच शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, न्यायाच्या दिवशी काय विचारणार तेही लिहिलेलं आहे. भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला कपडा दिलात का, तुरुंगातल्याला भेटलात का. पेपर आधीच फुटलेला आहे! त्यात उत्कंठा नाही, म्हणून त्याची मालिका निघत नाही.

गेल्या खेपेला नगरला गेले तेव्हा उपासनेनंतर एका तरुणाने मोठ्या उत्साहाने मला फोनवर एक अमेरिकन व्हिडिओ दाखवला. आकाशातून प्रकाश, रिकामे कपडे, कोसळणारी विमानं. "मावशी, तुमच्याकडे तर हे सगळ्यांना माहीत असेल ना?" मी त्याला पाळकांच्या घराच्या पायरीवर बसवलं आणि तासभर बोलले. त्याला पटलं असं वाटत नाही. व्हिडिओला संगीत होतं, माझ्याकडे नव्हतं.

चर्चवाल्यांना माझं म्हणणं साधं आहे. ही पुस्तकं मुलांच्या कपाटातून काढा, आणि ठेवायचीच असतील तर वर मोठ्या अक्षरात 'कल्पित' लिहा आणि त्याच आठवड्यात व्यासपीठावर त्याच्या उलट बोलू नका. तुम्हा मित्रांना एवढंच, की पुढच्या तारखेला विनोद जरूर पाठवा, पण तुमच्या मुलाच्या वर्गात, ऑफिसच्या शेजारच्या टेबलावर, कुणीतरी त्या दिवशी आईला फोन लावत असेल.

आमच्या गराजमध्ये त्या मालिकेचे बारा खंड आणि मुलांच्या पुस्तकांपैकी एकवीस अजून एका खोक्यात आहेत. लायब्ररीच्या विक्रीला दिले तर ते पंचवीस सेंटला दुसऱ्या कुणा पोरीच्या हातात पडतील. रद्दीत टाकायला हात धजत नाही. पुस्तकं जाळणाऱ्यांच्या विरोधात निघालेल्या पत्रकांवर मी तुमच्याबरोबर सह्या केल्या आहेत. मुलीला विचारलं तर म्हणाली, "राहू दे, आई." म्हणून ते खोकं तिथेच आहे, नाताळच्या ताऱ्याच्या डब्याखाली. दर डिसेंबरला तारा काढताना ते उचलून बाजूला ठेवावं लागतं. बरंच जड आहे.